स्पार्कमध्ये थ्रेड, कोअर आणि पार्टिशन कसे ठरवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतून, कराड-साताऱ्यातून घरी बसून डेटा इंजिनिअरिंगचं काम करणारी मुलंमुली आता बरीच आहेत. स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, वाटून हाताळणारं सॉफ्टवेअर. क्लस्टर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, बिल तासावर, आणि जॉब रेंगाळला की पहिला विचार एकच: कोअर वाढवूया. त्यांच्याकडून आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अपाचे स्पार्क ३.२ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना धरून आहेत. सेटिंगची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांसकट जशीच्या तशी द्यावी लागतात.

१. थ्रेड, कोअर, टास्क हे शब्द सगळे एकाच अर्थाने वापरतात. स्पार्कपुरता फरक काय?

पार्टिशन म्हणजे डेटाचा एक तुकडा, आणि टास्क म्हणजे एका पार्टिशनवर करायचं काम. एक्झिक्युटर ही क्लस्टरमधल्या मशीनवर चालणारी एक जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारी) प्रोसेस असते आणि तिच्यात प्रत्येक टास्क एका थ्रेडवर चालतो. `स्पार्क.एक्झिक्युटर.कोअर्स` ५ ठेवलं तर त्या एक्झिक्युटरमध्ये एका वेळी ५ टास्क चालतील, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तो जागांचा आकडा आहे. मशीनमध्ये तेवढे खरे कोअर आहेत की नाहीत, हे आपणच बघायचं.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून हे चटकन कळतं. काटे पाच आणि गाड्या दोनच आल्या, तर तीन काटे रिकामे राहतात. गाड्या पाचशे आल्या तर रांग लागते. काटे म्हणजे कोअर, गाड्या म्हणजे टास्क. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात, आणि तिथे काटे वाढवून काहीच साधत नाही.

२. माझ्या जॉबमध्ये एका वेळी नेमके किती टास्क चालतात, हे कसं काढायचं?

एक्झिक्युटरची संख्या गुणिले प्रत्येकाचे कोअर, भागिले `स्पार्क.टास्क.सीपीयूज`. हा शेवटचा आकडा मुळात १ असतो. ८ एक्झिक्युटर आणि प्रत्येकी ५ कोअर असतील तर ४० जागा झाल्या. पण प्रत्यक्षात चालणारे टास्क म्हणजे ४० आणि त्या स्टेजमधले (जॉबच्या त्या टप्प्यातले) पार्टिशन यांतला लहान आकडा. पार्टिशन १२ असतील तर २८ जागा रिकाम्या बसून बिल वाढवतात. ४२ असतील तर पहिल्या फेरीत ४० होतात आणि दुसऱ्या फेरीत फक्त २. म्हणून पार्टिशन जागांच्या दुप्पट-तिप्पट असावेत, असा सर्वसाधारण सल्ला असतो.

कागदावरच्या हिशोबावर थांबू नका. जॉब चालू असताना ड्रायव्हरच्या (जॉब चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसच्या) ४०४० पोर्टवरचं पान उघडा आणि एक्झिक्युटरच्या तक्त्यात चालू टास्कचा रकाना बघा. तिथे ४० ऐवजी ७ दिसत असतील तर सेटिंगला हात लावण्याआधी प्रश्न ६ वाचा.

आणखी एक गोष्ट. `स्पार्क.एक्झिक्युटर.कोअर्स` दिलंच नाही तर यार्न आणि कुबरनेटिसवर (क्लस्टरची मशीन वाटून देणाऱ्या यंत्रणांवर) ते १ धरलं जातं. स्टँडअलोन (स्पार्कच्या स्वतःच्या) क्लस्टरवर मात्र वर्करवरचे सगळे उपलब्ध कोअर घेतले जातात. तोच कोड एका क्लस्टरवर पळतो आणि दुसऱ्यावर रांगतो, त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

३. माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे. सरावासाठी `लोकल[*]` ठेवू का?

`लोकल` म्हणजे एकच थ्रेड, `लोकल[४]` म्हणजे चार, आणि `लोकल[*]` म्हणजे मशीन जेवढे लॉजिकल कोअर दाखवेल तेवढे. ८ जीबीवर ब्राउझर आणि नोटबुक उघडं ठेवून काम करायचं असेल तर `लोकल[४]` बरं. लोकलमध्ये ड्रायव्हर आणि एक्झिक्युटर एकाच जेव्हीएममध्ये असतात, त्यामुळे `स्पार्क.एक्झिक्युटर.मेमरी` वाढवून उपयोग नसतो. `स्पार्क.ड्रायव्हर.मेमरी` वाढवा, आणि तीही जेव्हीएम सुरू होण्याआधी. मुळात ती फक्त १ जीबी असते.

शिवाय `स्पार्क.एसक्यूएल.शफल.पार्टिशन्स` ८ करून ठेवा. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

४. आमच्या भागातल्या कारखान्याच्या ऊस वजनाच्या पावत्या स्पार्कवर घ्यायच्या आहेत. किती कोअर लागतील?

आधी हिशोब करूया. समजा हंगामात १० लाख टन ऊस गाळला आणि गाडीमागे सरासरी १५ टन धरले, तर पावत्या साधारण ६७ हजार होतात. दहा हंगाम घेतले तरी सात लाखांच्या आत. एवढं काम साधा डेटाबेस किंवा एकट्या लॅपटॉपवरचं पायथन काही सेकंदांत करतं. स्पार्कचा टास्क वाटण्याचा, शफलचा (म्हणजे डेटाची मशीनमशीनमध्ये फेरवाटणी करण्याचा), निकाल गोळा करण्याचा खर्च त्यापेक्षा जास्त होईल. शिकण्यासाठी जरूर वापरा, पण कारखान्याला क्लस्टर घ्यायला सांगू नका.

क्लस्टर लागतो तो वेगळ्या आकाराला. १ लाख वीज मीटर दर १५ मिनिटांनी नोंद पाठवत असतील तर दिवसाला ९६ लाख ओळी होतात आणि वर्षाला सुमारे ३५० कोटी. पुढच्या उत्तरांत मी हेच उदाहरण धरलं आहे.

५. एका एक्झिक्युटरला किती कोअर द्यावेत? कुणी ५ सांगतं, कुणी १, कुणी सगळे.

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण इथली चूक महाग पडते.

एकेक कोअरचे पुष्कळ एक्झिक्युटर केले तर ब्रॉडकास्ट केलेल्या (सगळ्या एक्झिक्युटरना पाठवलेल्या) डेटाची प्रत प्रत्येक जेव्हीएममध्ये वेगळी जाते, आणि प्रत्येक जेव्हीएमचा वरखर्च वेगळा लागतो. याउलट मशीनचे सगळे कोअर एकाच अवाढव्य एक्झिक्युटरला दिले तर हीप (जेव्हीएमची मेमरी) फार मोठा होतो, गार्बेज कलेक्शनचे (नको असलेली मेमरी मोकळी करण्याचे) थांबे लांबतात, आणि तो एक एक्झिक्युटर पडला की सगळे टास्क एकदम जातात. ‘५’ हा आकडा एचडीएफएसच्या (हडूपच्या फाइल सिस्टिमच्या) काळातला, एकाच प्रोसेसमधून खूप थ्रेड लिहू लागले की वेग घटतो या अनुभवातून आलेला. सुरुवातीला तो ठीक आहे, पण पवित्र आकडा म्हणून धरून बसू नका.

उदाहरण घेऊ. यार्नवर ३ मशीन, प्रत्येकी १६ कोअर आणि ६४ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नोड मॅनेजरसाठी प्रत्येक मशीनवर १ कोअर आणि ४ जीबी सोडा. उरले १५ कोअर, ६० जीबी. पाच-पाच कोअरचे तीन एक्झिक्युटर केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० जीबी. पण `स्पार्क.एक्झिक्युटर.मेमरी` २० लिहायची नाही. तिच्या १० टक्के, किमान ३८४ एमबी, वेगळा ओव्हरहेड लागतो. म्हणून १८ जीबी लिहा. तीन मशीनवर ९ एक्झिक्युटर झाले. त्यातल्या एकाची जागा ॲप्लिकेशन मास्टरसाठी ठेवली तर ८ उरतात, म्हणजे ४० जागा.

आता याच्या आत बघा. १८ जीबीतून ३०० एमबी राखीव जातात आणि उरलेल्याचे ६० टक्के स्पार्कच्या कामाला मिळतात, म्हणजे साडेदहा जीबीच्या आसपास. एक्झिक्युटरमध्ये ५ टास्क चालू असले की प्रत्येकाला यातला जास्तीत जास्त पाचवा हिस्सा मिळतो, सुमारे २ जीबी. कोअर ५ वरून १० केले आणि मेमरी तीच ठेवली, तर तो हिस्सा १ जीबीवर येतो. मग सॉर्ट डिस्कवर सांडायला लागतो, गार्बेज कलेक्शन वाढतं, आणि थ्रेड दुप्पट असूनही जॉब मंदावतो. कोअरचा आकडा बदलताना दर टास्कमागे मेमरी किती उरते, हे भागाकार करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘कोअर कमी केले आणि जॉब पळाला, असं कसं?’ हा प्रश्नही खूप जण पाठवतात. त्याचं उत्तर याच भागाकारात आहे.

क्लाउडवर घेतलेला व्हीसीपीयू बहुतेक एक्स८६ मशीनवर हायपरथ्रेड असतो, पूर्ण कोअर नव्हे. १६ व्हीसीपीयूकडून १६ खऱ्या कोअरचा वेग मागू नका.

६. कोअर दुप्पट केले तरी वेळ तेवढाच लागतो. कुठे बघू?

वाचण्याच्या स्टेजमध्ये टास्क किती आहेत ते आधी बघा. एकच टास्क दिसत असेल तर दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत.

पहिला जीझिप. जीझिप फाइल मधूनच वाचता येत नाही, त्यामुळे ६ जीबीची एक जीझिप सीएसव्ही एकाच थ्रेडवर वाचली जाते. बाकीचे ३९ थ्रेड नुसते बघत बसतात. पाठवणाऱ्याला लहान लहान फाइल द्यायला सांगा, किंवा एकदाच वाचून, `रिपार्टिशन` करून पार्के या फाइल-प्रकारात ठेवा. पार्के आतून स्नॅपी या कॉम्प्रेशनने दाबलेलं असलं तरी रो ग्रुपनुसार वाटता येतं. वाटता येण्याजोग्या फाइलींचे तुकडे `स्पार्क.एसक्यूएल.फाइल्स.मॅक्सपार्टिशनबाइट्स` प्रमाणे पडतात. मूळ आकडा १२८ एमबी.

दुसरा गुन्हेगार डेटाबेसमधून केलेलं वाचन. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

टास्क भरपूर आहेत पण शेवटचा एकच रेंगाळतो, असं असेल तर प्रश्न ९.

७. शफल पार्टिशन २०० च का? ते बदलायचे का?

२०० हा `स्पार्क.एसक्यूएल.शफल.पार्टिशन्स`चा मूळ आकडा आहे. तुमचा डेटा किती, हे त्याला ठाऊक नसतं. लॅपटॉपवर ५ एमबीच्या सरावात त्यातले बहुतेक टास्क जवळजवळ रिकामे असतात, आणि ६० जीबीच्या शफलमध्ये एकेका पार्टिशनला ३०० एमबी येतात, जे जड आहेत. एका पार्टिशनला १०० ते २०० एमबी या अंदाजाने चाला. ६० जीबीला १५० एमबी धरले तर ४०० पार्टिशन. ४० जागांवर १० फेऱ्या. छान बसतं.

`स्पार्क.डिफॉल्ट.पॅरललिझम` हे वेगळं सेटिंग आहे. ते आरडीडीच्या (स्पार्कच्या जुन्या, खालच्या पातळीवरच्या रचनेच्या) कामांना लागतं, डेटाफ्रेमच्या (टेबलासारख्या रचनेच्या) शफलला नाही. ते बदलून काहीच फरक पडत नाही अशी तक्रार येते, तेव्हा कोड जवळपास नेहमी डेटाफ्रेमचा असतो.

८. अडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन तर ३.२ पासून आपोआप चालू असतं. मग हे हिशोब कशाला?

जॉब चालू असतानाच योजना सुधारणारं हे तंत्र शफल झाल्यावर लहान पार्टिशन एकत्र करतं, आणि चांगलं करतं. पण तुम्ही दिलेल्या आकड्यावरून ते खाली येतं. डेटा मोठा आहे म्हणून सरसकट वर जात नाही. त्यामुळे प्रश्न ७ मधला आकडा कमाल मर्यादा समजून थोडा सढळ द्या.

एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. एकत्र केलेल्या पार्टिशनचा अपेक्षित आकार ६४ एमबी असला, तरी `पॅरललिझमफर्स्ट` हे सेटिंग मुळात चालू असतं. ते चालू असताना स्पार्क त्या ६४ कडे दुर्लक्ष करून जास्तीत जास्त टास्क ठेवायला बघतं, अगदी १ एमबीच्या आकारापर्यंत. क्लस्टर अनेकांत वाटलेला असेल तर हे सेटिंग बंद करा. आणि वाचनाच्या स्टेजवर, एक्झिक्युटरच्या मेमरीवर, तुमच्या पायथन कोडवर अडॅप्टिव्हचा काहीच ताबा नसतो.

९. १९९ टास्क दोन मिनिटांत होतात, शेवटचा तासभर चालतो. थ्रेड वाढवू?

नको. एक टास्क एकाच थ्रेडवर चालतो. शंभर थ्रेड दिले तरी त्याला मदत करता येत नाही.

मीटरच्या नोंदी तालुक्यानुसार विभागून विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीचा तिच्या गटाच्या संदर्भात हिशोब करणारं) लावलं आहे असं समजा. सांगली जिल्ह्यात तालुके १०. म्हणजे २०० पैकी जास्तीत जास्त १० पार्टिशनमध्ये डेटा जाणार आणि किमान १९० रिकामे राहणार. त्यातही सांगली-मिरज-कुपवाड शहर मिरज तालुक्यात येतं, म्हणून मिरजेचा टास्क सर्वांत शेवटी संपणार. साताऱ्याला तालुके ११ असल्याने तिथेही हेच. उपाय थ्रेडमध्ये नाही, किल्लीत (ज्या रकान्यावरून विभागतो त्यात) आहे: तालुका आणि महिना, किंवा तालुका आणि फीडर अशी बारीक किल्ली चालते का ते बघा. नुसती बेरीज किंवा मोजणी असेल तर घाबरू नका; तिथे शफलच्या आधीच प्रत्येक टास्क आपापली आंशिक बेरीज करतो आणि पुढे थोड्याच ओळी जातात. त्रास विंडोचा आणि `कलेक्ट_लिस्ट`सारख्या कामांचा होतो.

जॉइनमध्ये असा झुकाव असेल तर अडॅप्टिव्ह मदतीला येतं, पण दोन अटींवर: पार्टिशन मध्यकाच्या ५ पटींहून मोठं हवं आणि २५६ एमबीहूनही मोठं हवं. समोरचं टेबल लहान असेल तर ब्रॉडकास्ट जॉइन करा, शफलच टळतं. ग्राहक क्रमांक रिकामा असलेल्या ओळी लेफ्ट जॉइनला जाण्याआधी वेगळ्या काढून नंतर जोडा. त्या कुणाशीच जुळणार नसतात, पण सगळ्या मिळून एकाच पार्टिशनमध्ये जाऊन बसतात.

१०. डेटाबेसमधून वाचताना एकच टास्क दिसतो. ४० कसे करू?

`पार्टिशनकॉलम`, `लोअरबाउंड`, `अपरबाउंड` आणि `नमपार्टिशन्स` हे चारही द्या. त्या दोन सीमा ओळी गाळत नाहीत, फक्त तुकडे कुठे पाडायचे ते ठरवतात. सीमेबाहेरच्या ओळी पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात जातात. आता ४० द्यायचे का, हा खरा प्रश्न. ४० टास्क म्हणजे डेटाबेसवर एकदम ४० कनेक्शन. त्याच डेटाबेसवर ऑफिसचं रोजचं बिलिंग चालत असेल तर ८ पासून सुरू करा आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला आधी फोन करा.

११. पायस्पार्क वापरतो. पायथनच्या जीआयएलमुळे थ्रेड वाया जातात का?

नाही. जीआयएल म्हणजे एका पायथन प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप. पण पायथनचा कोड चालवणाऱ्या प्रत्येक टास्कला स्वतंत्र पायथन प्रोसेस मिळते, त्यामुळे एकाचा जीआयएल दुसऱ्याला अडवत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. या प्रोसेसची मेमरी जेव्हीएमच्या हीपबाहेर, ओव्हरहेडमधून जाते. पांडास यूडीएफ (पायथनमध्ये लिहिलेलं स्वतःचं फंक्शन) वापरताना कंटेनर (एक्झिक्युटरला दिलेला मशीनचा वाटा) मारला गेला तर हीपऐवजी ओव्हरहेड वाढवा. आणि नमपाय आतून स्वतःचे थ्रेड उघडू शकतं: ५ टास्क आणि प्रत्येकाचे अनेक थ्रेड, म्हणजे कोअरपेक्षा जास्त थ्रेडची ओढाताण. `ओएमपी_नम_थ्रेड्स` हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एक्झिक्युटरवर १ करा. मॉडेलला खरोखरच ४ थ्रेड हवे असतील तर ते ४ करा आणि `स्पार्क.टास्क.सीपीयूज`ही ४ करा, म्हणजे स्पार्क तेवढ्या जागा त्या टास्कसाठी राखून ठेवेल.

१२. टास्कच्या आत मी माझा थ्रेड पूल उघडला तर चालेल का?

बाहेरच्या सेवेची वाट बघण्याचं काम असेल तर `मॅपपार्टिशन्स`मध्ये चालतं. पण गुणाकार विसरू नका: ४० टास्क गुणिले १० थ्रेड म्हणजे समोरच्या सेवेवर एकदम ४०० विनंत्या. नुसतं गणित असेल तर उघडू नका, पार्टिशन वाढवा.

१३. कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी वाचताना काही तारखा भलत्याच येतात, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या. डेटा खराब आहे का?

दर वेळी वेगळ्या ओळी चुकत असतील तर डेटावर संशय घेऊ नका. स्काला किंवा जावाच्या कोडमध्ये एकच `सिंपलडेटफॉरमॅट` सगळ्यांसाठी सामायिक ठेवला आहे का ते बघा. तो थ्रेड-सुरक्षित नाही. एका एक्झिक्युटरमधले ५ टास्क एकाच जेव्हीएममध्ये असल्याने एकमेकांची तारीख बिघडवतात. खात्री करायची असेल तर एक्झिक्युटरचे कोअर १ करून चालवा. चूक नाहीशी झाली तर कारण हेच. कायमचा इलाज `डेटटाइमफॉरमॅटर`, तो थ्रेड-सुरक्षित आहे.

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण जॉब हिरवा दिसतो, एररही येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ४५ फुटांची नोंद चुकीच्या दिवसावर गेली तर त्यावर बांधलेला प्रत्येक अंदाज चुकतो.

१४. एक फाइल हवी म्हणून `कोॲलेस(१)` केलं आणि सगळा जॉबच मंदावला. का?

`कोॲलेस` पार्टिशन कमी करतं, पण शफल करत नाही. त्यामुळे आधीच्या शफलपासून पुढचं सगळं गाळणं-मोजणंही त्याच एका टास्कमध्ये येतं. `रिपार्टिशन(१)` करा: शफलचा खर्च होईल, पण जड काम ४० थ्रेडवर होईल आणि फक्त शेवटचं लिहिणं एकावर.

१५. यार्नच्या पानावर प्रत्येक कंटेनरला १ व्हीकोअर दिसतो. मी तर ५ दिले होते!

टास्क बहुधा ५ च चालत आहेत. ४०४० वर बघून घ्या. यार्नमध्ये कंटेनर वाटणाऱ्या कपॅसिटी शेड्यूलरचा मूळचा हिशोबनीस फक्त मेमरी मोजतो. सीपीयूही मोजायला हवा असेल तर क्लस्टर सांभाळणाऱ्यांना `डॉमिनंटरिसोर्सकॅल्क्युलेटर` लावायला सांगा. तोवर एका मशीनवर कोअरपेक्षा जास्त थ्रेड येऊन पडण्याची शक्यता राहते.

१६. कुबरनेटिसवर `एक्झिक्युटर.रिक्वेस्ट.कोअर्स` कमी केलं, तरी टास्क तेवढेच कसे?

ते सेटिंग पॉडसाठी (कुबरनेटिसवर एक्झिक्युटर ज्यात चालतो त्यासाठी) किती सीपीयू मागायचा एवढंच ठरवतं. टास्कची संख्या `स्पार्क.एक्झिक्युटर.कोअर्स`वरूनच ठरते. ५ टास्क आणि सीपीयूची मर्यादा २ असेल तर पॉडचा सीपीयू मध्ये मध्ये रोखला जातो आणि सगळे टास्क सारखेच संथ होतात. कामं मुख्यतः नेटवर्कची वाट बघणारी असतील, तेव्हाच असा फरक मुद्दाम ठेवा.

१७. एकाच ॲप्लिकेशनमधून दोन रिपोर्ट एकदम काढता येतात का?

येतात. ड्रायव्हरमध्ये दोन थ्रेड उघडून दोन्हींतून ॲक्शन चालवा. पण मूळ क्रम ‘आधी आला तो आधी’ असा असतो, आणि पहिल्या जॉबने सगळ्या जागा घेतल्या तर दुसरा थांबतो. `स्पार्क.शेड्यूलर.मोड` फेअर करा, आणि प्रत्येक थ्रेडला वेगळा पूल द्या.

१८. काफ्कावरून स्ट्रीमिंग करतो. ४० जागा आहेत, पण ६ टास्क चालतात. शिवाय शफल पार्टिशन बदलले तरी काही होत नाही.

काफ्का ही संदेशांचा प्रवाह साठवून पुढे देणारी यंत्रणा; तिचा एक पार्टिशन एका टास्कला, अशी मूळ जुळणी असते. टॉपिकला (संदेशांच्या एका प्रवाहाला) ६ पार्टिशन असतील तर वाचणारे टास्क ६. `मिनपार्टिशन्स` दिलं तर स्पार्क मोठे तुकडे आणखी फोडून वाचतं.

शफलचं वेगळं आहे. स्टेट (आधीच्या डेटाचा चालू हिशोब) ठेवणाऱ्या क्वेरीत पार्टिशनची संख्या पहिल्यांदा चेकपॉइंटमध्ये (क्वेरीची प्रगती साठवणाऱ्या फोल्डरमध्ये) लिहिली जाते आणि पुढे तीच वापरली जाते, कारण साठवलेलं स्टेट त्याच विभागणीने पडलेलं असतं. बदलायची असेल तर नवा चेकपॉइंट घेऊन, स्टेट पुन्हा उभं करून सुरुवात करावी लागते. म्हणून स्ट्रीमिंग क्वेरी पहिल्यांदा सुरू करण्याआधीच पुढच्या वर्षीचा डेटा डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा ठरवा; बाकीची बहुतेक सेटिंग नंतर बदलता येतात, हे नाही.